कावेरीकाठचा व्याल

तंजावर आणि कुंभकोणम या दोन शहरांच्या दरम्यान, कावेरीच्या शाखांनी आणून टाकलेल्या गाळावर वसलेले पापनाशम हे तालुक्याचे गाव, तिरुनेलवेली भागातील धबधब्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्याच नावाच्या तीर्थक्षेत्राहून वेगळे आहे. या गावाच्या आणि त्याच्या भोवतालच्या खेड्यांच्या इतिहासात एक कल्पित प्राणी हजार वर्षांहून अधिक काळ वावरत आला आहे. संस्कृत शिल्पग्रंथ त्याला व्याल म्हणतात आणि तमिळ कारागीर याळी म्हणतो. त्याचे धड सिंहाचे असते, मुख मात्र सिंहाचे, हत्तीचे, घोड्याचे, माणसाचे किंवा पक्ष्याचे असू शकते. डोळे खोबणीतून बाहेर आलेले, जबडा वासलेला, आयाळ वळ्यावळ्यांची आणि पुष्कळदा सोंड आत वळवलेली, असे त्याचे सर्वसाधारण रूप होय. बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास पश्चिम भारतात रचल्या गेलेल्या ‘अपराजितपृच्छा’ या शिल्पग्रंथाने मुखभेदानुसार व्यालाचे सोळा प्रकार सांगितले आहेत, आणि मधुसूदन ढाकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यालविषयक अभ्यासानंतर मध्ययुगीन मंदिरांवरील या आकृतींचे वर्गीकरण बऱ्याच अंशी स्थिर झाले आहे.

वर्गीकरणाने एका प्रश्नाचे उत्तर मात्र मिळत नाही. दगडात, लाकडात, पितळेत, काशात आणि वाद्याच्या दांडीवर, इतक्या वेगवेगळ्या माध्यमांत हा प्राणी कसा टिकला, आणि प्रत्येक ठिकाणी तो नेमक्या कोणत्या जागी बसवला गेला? व्यालाचा अर्थ रक्षण, राजसत्ता, अशुभनिवारण किंवा इंद्रियनिग्रह असा लावण्याची प्रथा आहे आणि त्या अर्थांना शिल्पग्रंथांतून व स्थळपुराणांतून थोडाफार आधारही मिळतो. तरीही व्यालाच्या जागा बारकाईने पाहिल्या तर एक गोष्ट सारखी समोर येते: हा प्राणी वस्तूच्या मध्यभागी क्वचितच असतो. जोत्याचा वरचा थर, पायऱ्यांचा कठडा जिथे संपतो ते टोक, खांबाचा तळ, रथाचा कोपरा, प्रभावळीचा माथा, वीणेच्या दांडीचा शेवट, म्हणजे जिथे एक भाग संपून दुसरा सुरू होतो किंवा आकार हवेत तुटतो, तिथे व्याल येतो. कारागिरापुढे नेहमी उभी राहणारी ‘टोक कसे मिटवायचे’ ही अडचण सोडवणारा प्राणी म्हणून त्याच्याकडे पाहिले, तर पापनाशम तालुक्यातील त्याची वाटचाल अधिक स्पष्ट होते.

या वाटचालीचा सर्वांत जुना आणि सर्वांत सुंदर टप्पा पुळ्ळमंगै येथे आहे. तंजावर-कुंभकोणम मार्गावरील पशुपतिकोविलजवळच्या या वस्तीत ब्रह्मपुरीश्वराचे छोटे मंदिर असून ते चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, म्हणजे ९०७ ते ९५५ या कालखंडातले मानले जाते. जोत्याला शिल्पशास्त्रात अधिष्ठान म्हणतात आणि त्याचे थर एकावर एक ठरलेल्या क्रमाने रचलेले असतात. सर्वांत वर, भिंत सुरू होण्याच्या लगेच खाली, जो पट्टा असतो त्यावर व्यालांची रांग कोरतात आणि तिला व्यालवरी म्हणतात. एकामागोमाग एक धावणाऱ्या व्यालांची ही रांग कोपऱ्यावर पोचली की तिचे रूपांतर मकरमुखात होते आणि त्या मकराच्या उघड्या जबड्यातून एखादी लहानशी मनुष्याकृती बाहेर येताना दिसते. पुळ्ळमंगैचे मंदिर त्याच्या भिंतीतल्या देवमूर्तींसाठी, विशेषतः महिषाच्या शिरावर उभ्या असलेल्या दुर्गेसाठी, आणि अर्धस्तंभांच्या पायाशी असलेल्या वितीएवढ्या रामायणपटांसाठी विख्यात आहे. साहजिकच अभ्यासकांची नजर तिथेच खिळते आणि व्यालवरी दुर्लक्षित राहते. वास्तविक त्या सबंध जोत्याला गती देण्याचे काम हीच रांग करते. भिंत स्थिर उभी असते, तिच्यातल्या कोनाड्यांतले देव निश्चल असतात आणि त्यांच्या पायाखालून हे प्राणी मंदिराला प्रदक्षिणा घालत असतात.

हे सारे काम कठीण ग्रॅनाइटमध्ये झालेले आहे, आणि ज्या प्रदेशात झाले त्या प्रदेशात दगड नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात खोल खणले तरी गाळच लागतो. मंदिरांचा दगड तिरुचिरापळ्ळी आणि पुदुक्कोट्टैच्या बाजूच्या टेकड्यांतून आणावा लागत असे. एवढ्या खर्चिक बांधकामाला लागणारे बळ भाताच्या पिकातून येत होते. पापनाशमला लागून असलेल्या तिरुपालत्तुरै येथील पालैवननाथाच्या मंदिराच्या आवारात विटांचे एक भव्य धान्यकोठार आजही उभे आहे. ते चोळांचे नसून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, तंजावरच्या नायक राजांच्या काळातले आहे आणि राज्य पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केलेले आहे. देवाच्या नावाने धान्य साठवायचे, त्यातून पुजारी, वादक, माळी, सुतार आणि पाथरवट यांचे वेतन द्यायचे, ही व्यवस्था मात्र चोळकाळापासून चालत आलेली होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर चोळ राजा पहिला राजराज याने कोरवून घेतलेल्या लेखांत मंदिराच्या सेवकवर्गाची जी नोंद आहे, तिच्यात सुतार आणि इतर कारागीर आपापल्या वाट्यासह येतात, आणि त्याच लेखांत कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन या मुख्य स्थपतीचे नावही आहे. पेरुंतच्चन म्हणजे थोरला सुतार किंवा मुख्य शिल्पी. ज्या काळात शिल्पकारांची नावे फारशी नोंदली जात नसत, त्या काळातली ही नोंद मोलाची आहे.

दगडातला व्याल लाकडात आणि धातूत का जाऊ शकला, याचे उत्तर कारागीर-समाजाच्या रचनेत सापडते. तमिळ प्रदेशातील कम्माळर या विश्वकर्मा समाजात पाच शाखा मोडतात: सोनार, सुतार, लोहार, कासार आणि पाथरवट. शाखा वेगळ्या असल्या तरी मापनाची पद्धत एकच असते. मुखाची लांबी हे एकक धरून, म्हणजे तालमानाने, मूर्तीचे सर्व अवयव मोजायचे हा नियम पाथरवटाला जसा शिकवला जातो तसाच ओतकाम करणाऱ्यालाही शिकवला जातो. पापनाशमपासून जवळच असलेल्या स्वामिमलै येथे मेणाचा नमुना करून पंचलोहाच्या मूर्ती ओतणारी स्थपती-घराणी आजही कावेरीच्या पात्रातील बारीक गाळ साच्यासाठी वापरतात आणि मूर्तीची उंची ठरवण्यासाठी नारळाच्या झावळीच्या पात्याला घड्या घालून मापपट्टी करतात. या मूर्तींमागच्या प्रभावळीच्या माथ्यावर जे सिंहासारखे मुख असते, ते महाराष्ट्रातल्या वाचकाला कीर्तिमुख म्हणून परिचित आहे. दोन्ही बाजूंच्या मकरांच्या तोंडातून निघालेली कमान वर चढत जाते आणि माथ्यावर हे मुख ती गिळून टाकते. कमानीची दोन टोके एकमेकांना भिडतात तिथला सांधा झाकण्याची ही रीत मूळची पाथरवटांची असो वा ओतकऱ्यांची, पिढ्यान्‌पिढ्या दोघांनीही ती वापरली आहे.

बाराव्या शतकात, दुसऱ्या राजराजाच्या कारकिर्दीत (सुमारे ११४६ ते ११७३), पापनाशमपासून फार दूर नसलेल्या दारासुरम येथे ऐरावतेश्वराचे मंदिर उभे राहिले आणि व्यालाने आपली जागा बदलली. जोत्याच्या पट्ट्यावर धावणारा प्राणी इथे मंडपाच्या खांबाखाली येऊन बसला आणि त्याच्या पाठीवर खांबाचा भार पडला. पल्लवांच्या काळात, सातव्या-आठव्या शतकांत, महाबलिपुरम आणि कांचीपुरम येथे सिंहाच्या बैठकीचे खांब होतेच. दारासुरमच्या शिल्पींनी त्या जुन्या कल्पनेला नवी नाजुकी दिली. याच मंदिरात आणि नंतर तिसऱ्या कुलोत्तुंगाने (११७८ ते १२१८) बांधलेल्या त्रिभुवनम येथील कंपहरेश्वर मंदिरात आणखी एका कल्पित प्राण्याला देवत्व मिळाले. तो प्राणी म्हणजे शरभ: नरसिंहाचा उग्र क्रोध शांत करण्यासाठी शिवाने घेतलेले, मनुष्य, सिंह आणि पक्षी यांचे मिश्र रूप.

शरभ म्हटले की मराठी वाचकासमोर वेगळेच चित्र उभे राहते. रायगड, शिवनेरी यांसारख्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ हा बहुधा चार पायांचा, सिंहासारखा, क्वचित पंख असलेला आणि पुष्कळदा पंजाखाली वा शेपटीत हत्ती पकडलेला प्राणी असतो. त्याची पूजा होत नाही; दरवाजाच्या दोन्ही अंगांना, कमानीच्या खांद्यावर तो बसवलेला असतो. त्रिभुवनमचा शरभ मूर्ती म्हणून गाभाऱ्यात पूजला जातो, तर किल्ल्यावरचा शरभ वास्तूच्या कडेला राहून पहारा देतो. दोन्हींचे नाव एक असले तरी कुळी वेगळी आहे, आणि किल्ल्यांवरील शरभ त्रिभुवनमच्या शिवरूपापेक्षा व्यालाच्या जास्त जवळचा आहे, असे त्याच्या जागेवरूनच म्हणता येते. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसले तंजावरच्या गादीवर आले आणि १७९९ मध्ये प्रदेशाचा कारभार इंग्रजांकडे जाईपर्यंत पापनाशमचा परिसर मराठी राजवटीखाली राहिला; नाममात्र उरलेले राज्य इंग्रजांनी १८५५ मध्ये खालसा केले. म्हणजे ज्या घराण्याच्या एका शाखेच्या किल्ल्यांवर शरभ पहारा देत होता, त्याच घराण्याची दुसरी शाखा व्यालांच्या प्रदेशावर राज्य करत होती. या शाखेने तिथल्या शिल्पपरंपरेवर स्वतःची परंपरा लादली नाही, जे चालत होते ते चालू ठेवले. आणि १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजींनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला तोही राजराजाने बांधलेल्या मंदिराच्याच भिंतींवर.

नायक आणि मराठे या दोन राजवटींच्या काळात व्यालाचा खरा विस्तार लाकडात झाला. दगडी मंदिर जागचे हलत नाही आणि उत्सवमूर्तीला तर गावातून मिरवायचे असते. त्यासाठी दोन प्रकारची लाकडी साधने लागतात. पहिले वाहन, म्हणजे देवाला बसण्यासाठी कोरलेला प्राणी: नंदी, गरुड, हंस, सिंह, हत्ती, भूत, कामधेनू आणि अर्थातच याळी. महोत्सवाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळी वेगवेगळ्या वाहनांवरून देवाची स्वारी निघते, आणि कांचीपुरमच्या वरदराज मंदिरासारख्या मोठ्या क्षेत्रांत याळी वाहनाला त्या क्रमात स्वतःची जागा असते. दुसरे साधन रथ. तमिळमध्ये त्याला तेर म्हणतात. त्याचा खालचा, चाकांवर उभा असलेला चौथरा मोह, बिबळा, साग अशा टणक लाकडांचा असून तो खालून वर रुंदावत जाणाऱ्या थरांनी बनलेला असतो; या थरांवर देवतापटांच्या ओळी असतात आणि कोपऱ्यांवर मागच्या पायांवर उभे राहिलेले व्याल बाहेर झेपावतात. वरचा, शिखरासारखा दिसणारा भाग दरवर्षी नव्याने उभारायचा असतो. बांबू आणि इतर काठ्यांचा सांगाडा बांधायचा, त्यावर रंगीत कापडाचे छत आणि तोरणे चढवायची आणि उत्सव संपला की उतरवायची. तिरुवारूरचा रथ हा या प्रकारातला सर्वांत मोठा. सजवल्यावर त्याची उंची ९६ फूट भरते असे सांगितले जाते.

म्हणजे या प्रदेशात बांबूचे आणि कोरीव कामाचे नाते आहे ते असे: कोरीव भाग टणक लाकडाचा आणि टिकाऊ, बांबूचा भाग वर्षापुरता. चीनमध्ये हे नाते नेमके उलटे आहे. शांघायजवळच्या जिआडिंग गावी सोळाव्या शतकात, मिंग राजवटीच्या उत्तरार्धात, झू घराण्याच्या तीन पिढ्यांनी बांबूवर कोरण्याची स्वतंत्र कला घडवली. पोकळ नळीवर उठावाचे चित्र कोरण्याबरोबरच, बांबूचा जमिनीलगतचा जाड बुंधा आणि त्याची मुळे यांतून चहूबाजूंनी पाहता येईल अशी मूर्ती काढण्याची पद्धत तिथे रूढ झाली. साधू, बेडूक, सिंह आणि चीलिनसारखे कल्पित प्राणी हे तिचे आवडते विषय. सतराव्या-अठराव्या शतकांत याच गावातल्या फंग घराण्याने मुळातून मूर्ती काढण्यात नाव कमावले आणि १७०३ मध्ये त्या घराण्यातले कारागीर सम्राट कांग्शीच्या राजवाड्यातील कारखान्यात बोलावले गेले. अशी मूर्ती करताना कारागीर आधी मुळाचा घाट पाहतो. वाकलेला बुंधा पाठीचा कणा होतो, पेऱ्याची गाठ गुडघा होते, आणि तंतुमय मुळांचा झुबका छाटून टाकण्याऐवजी त्याची दाढी किंवा आयाळ केली जाते. तिथे प्राण्याचे रूप बऱ्याच अंशी मुळानेच ठरवलेले असते. कावेरीकाठी रूप तालमानाने आधीच ठरलेले असते आणि लाकूड त्याबरहुकूम शोधले जाते.

दोन्ही परंपरांतला दुसरा भेद सामाजिक आहे आणि तो अधिक खोल आहे. चिनी बांबूमुळाची मूर्ती विद्वानाच्या लेखनाच्या मेजावर, शाईच्या दगडाशेजारी ठेवण्यासाठी असे. ती हातात घेऊन निरखली जाई, तिच्यावर कर्त्याची सही असे, आणि १८०७ मध्ये जिन युआन्यू याने बांबूवर कोरणाऱ्यांची चरित्रे एकत्र करून ‘झू-रेन-लू’ हा ग्रंथच सिद्ध केला. परिणामी या वस्तूंचा जुनेपणा, कर्ता आणि अस्सलपणा यांवर त्यांचे मोल ठरत गेले. याळी वाहनाचे किंवा रथावरच्या व्यालाचे तसे नाही. ते गावाचे असते, त्यावर सही नसते, पाऊस, वाळवी आणि आग यांनी ते जीर्ण झाले की त्याच मापाचे नवे घडवतात आणि जुने बाजूला ठेवतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची रथयात्रा शंभरएक वर्षे बंद पडली होती; २०१५ मध्ये नवा रथ घडवून ती पुन्हा सुरू करण्यात आली, आणि ज्या सुतारांनी तो कोरला त्यांच्या हाताखालून तेच जुने प्राणी पुन्हा उमटले. एखाद्या वस्तूचे वय मोजून परंपरेचे वय ठरवू पाहणाऱ्याला तंजावरच्या लाकडाने फसवले जाण्याचा धोका आहे, कारण वीस वर्षांपूर्वीच्या वाहनावरची आयाळ हजार वर्षांपूर्वीच्या व्यालवरीची असू शकते.

चीनशी चोळ प्रदेशाचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. १०१५, १०३३ आणि १०७७ या वर्षी चोळांची शिष्टमंडळे सुंग दरबारी पोचल्याच्या चिनी नोंदी आहेत. नागपट्टिनमच्या बंदरात श्रीविजयच्या राजाने उभारलेल्या बौद्ध विहाराला राजराजाने आनैमंगलम हे गाव दिले होते, आणि पुढच्या काळात तिथे चिनी व्यापाऱ्यांच्या वावराची साक्ष देणारा विटांचा मनोराही होता. चिनी पॅगोडा म्हणून ओळखली जाणारी तिथली वास्तू १८६७ मध्ये पाडली गेली. उलट दिशेने, चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील च्वानचौ बंदरात तमिळ व्यापाऱ्यांनी शिवमंदिर उभारले आणि तिथे १२८१ चा तमिळ शिलालेख सापडला आहे. त्याच गावच्या कायुआन बौद्ध मठाच्या मुख्य सभागृहाच्या जोत्यावर मनुष्यमुखी सिंहांचे दगडी पट बसवलेले असून ते, तसेच मागच्या ओसरीतले कृष्ण आणि नरसिंह यांच्या प्रसंगांचे खांब, याच हिंदू वास्तुपरंपरेशी जोडले जातात. मनुष्याचे मुख आणि सिंहाचे धड असलेल्या या प्राण्याला तमिळ मंदिरांत पुरुषमृग म्हणतात. भीमाचा पाठलाग करणारा शिवभक्त पुरुषमृग महाराष्ट्रातल्या कथांमध्येही आहे. तमिळ शिवमंदिरांत त्याच्या आकाराची आरतीची दिवटी असते, आणि दीपाराधनेच्या वेळी इतर दिव्यांबरोबर ती देवासमोर ओवाळली जाते. जोत्याच्या कडेवरचा हा प्राणी समुद्र ओलांडून गेला तेव्हाही त्याला जोत्याचीच जागा मिळाली, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

पापनाशम तालुक्यापुरते पाहायचे तर लाकडी व्यालाचा सर्वांत दूरवर गेलेला वंश मंदिरातही नाही आणि रथावरही नाही, तो वीणेवर आहे. चोवीस पक्के पडदे असलेली वीणा तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या काळात (१६०० ते १६३४) आजच्या स्वरूपाला आली असे मानले जाते, आणि त्या दरबारातील अमात्य व संगीतशास्त्रज्ञ गोविंद दीक्षित यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. तंजावर वीणा फणसाच्या लाकडाची असते. भोपळा, दांडी आणि मुख हे तिन्ही भाग एकाच ओंडक्यातून कोरले तर तिला एकांड वीणा म्हणतात, आणि वेगवेगळे कोरून जोडले तर ती जोडवीणा ठरते. एका टोकाला भोपळा असल्याने दांडीचे दुसरे टोक उघडे राहते, आणि तिथे, खुंट्यांच्या पलीकडे, दांडी खाली वळून याळीच्या मुखात संपते. डोळे वटारलेले, दात दाखवणारे, सोन्यासारख्या रंगाने मढवलेले हे मुख वादकाच्या डाव्या हाताच्या पलीकडे, श्रोत्यांच्या समोर येते. नादाच्या दृष्टीने या मुखाची आवश्यकता नाही. ते काढून टाकले तरी तारा वाजतील. पण मग दांडी तुटल्यासारखी दिसेल. पायऱ्यांच्या कठड्याचे टोक मिटवणारा प्राणी इथे वाद्याचे टोक मिटवतो, आणि महाराष्ट्रातल्या पालखीच्या दांड्याच्या टोकाला बसवलेले चांदीचे व्याघ्रमुख किंवा मकरमुख हीच गरज भागवते.

या वीणेला मराठी राजवटीत जी प्रतिष्ठा मिळाली तिच्यामागे स्वतः संगीतज्ञ असलेले राजे होते. तुळजा पहिला (कारकीर्द १७२८ ते १७३६) याच्या नावावर ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ आहे. पापनाशम तालुक्यातील मेलट्टूर हे गाव या संगीतजीवनाचे एक केंद्र होते: मेलट्टूर वीरभद्रय्या यांच्याकडे रामस्वामी दीक्षितरांनी विद्या घेतली, आणि रामस्वामींचे पुत्र मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५ ते १८३५) हे वीणावादक रचनाकार म्हणून कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीत गणले गेले.

मेलट्टूर हे नाव आणखी एका कारणाने या इतिहासात येते. अच्युतप्प नायकाने ब्राह्मण कुटुंबांना दान दिलेल्या या गावात भागवत मेळा नावाची, केवळ पुरुषांनी सादर करायची, तेलुगू भाषेतली नृत्यनाट्याची परंपरा रुजली. शालियमंगलम, ऊत्तुक्काडु, शूलमंगलम, नल्लूर आणि तेप्पेरुमानल्लूर या गावांतही ती होती. मेलट्टूर वेंकटराम शास्त्री (१७४३ ते १८०९) यांनी मराठी राजवटीतच या परंपरेतील प्रमुख नाटके रचली. त्यांतले प्रल्हादाचे नाटक वैशाखातल्या नरसिंह जयंतीला वरदराज पेरुमाळाच्या मंदिरासमोर रात्रभर चालते. त्यात नरसिंहाची भूमिका करणारा पुरुष उपवास करतो, आणि जो मुखवटा चढवतो तो वर्षभर पूजेत असलेला मुखवटा असतो. सिंहाचे मुख आणि मनुष्याचे धड, म्हणजे पुरुषमृगाच्या नेमके उलट रूप. इथे कल्पित प्राण्याने आपली कडेची जागा सोडली आहे आणि तो खांबातून निघून रंगभूमीच्या मध्यभागी आला आहे. म्हणूनच त्याला शिल्पाचे नियम पुरत नाहीत, व्रताचे नियम लावावे लागतात. हिरण्यकशिपूशी सामना होताना नरसिंहाच्या अंगात संचार होतो आणि त्याला धरून ठेवावे लागते, ही श्रद्धा त्या जागाबदलाला साजेशीच आहे.

विसाव्या शतकात लाकडी व्यालाचे दोन वेगळे मार्ग झाले. वीणेवरचा व्याल टिकला, पण त्याचा साज बदलला. भोपळ्यावर आणि दांडीवर पूर्वी हस्तिदंताची नक्षी जडवत असत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९८६ मधील त्याची दुरुस्ती यांनंतर हस्तिदंत बंद झाला आणि त्या जागी प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या. २०१३ मध्ये तंजावर वीणेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. रथांवरच्या व्यालांचे नशीब इतके सरळ नव्हते. जुने रथ मोडीत निघाले किंवा त्यांची दुरुस्ती झाली तेव्हा सुटे झालेले कोरीव पट जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे गेले, तिथून संग्राहकांच्या दिवाणखान्यांत आणि देशोदेशींच्या संग्रहालयांत पोचले. १९७२ च्याच पुरावस्तू व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई केली. तोवर पुष्कळ काही निघून गेले होते.

संग्रहालयाच्या भिंतीवर असा व्याल समोरून पाहण्यासाठी टांगलेला असतो, आणि तिथे तो उगीचच अवघडलेला वाटतो: मान एका बाजूला फार वळलेली, छाती पुढे आलेली, एक बाजू बारकाईने कोरलेली तर दुसरी जवळजवळ कोरी. हे कोरणाऱ्याचे उणेपण नव्हे. पट उलटून पाहिला तर मागे तिरका छेद आणि कुसू बसवण्याची खाच दिसते, आणि हा प्राणी रथाच्या उजव्या कोपऱ्यावर होता की डाव्या, पुढच्या अंगाला होता की मागच्या, हे त्या छेदाच्या कोनावरून ठरवता येते. तंजावर जिल्ह्यातल्या रथांची चित्रसूची करताना पटांच्या समोरच्या बाजूंइतकीच त्यांच्या पाठींची मापेही नोंदवली गेली, तर परदेशांत विखुरलेल्या कित्येक व्यालांना त्यांचा मूळ कोपरा पुन्हा नेमून देता येईल.